‘कौर’ म्हणजे राजकन्याच का?

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिला संघाने एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. सामन्यातला शेवटचा झेल कर्णधार हरमनप्रीत कौर हिनेच टिपला. त्याच्या आदल्या वर्षी, पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारतीय पुरुष हॉकी संघाने कांस्यपदक मिळवले होते. त्या संघाचा कर्णधार होता हरमनप्रीत सिंग. दोन खेळ, दोन कर्णधार आणि नाव एकच. त्यातली बाई कोण आणि पुरुष कोण, हे सांगण्याचे काम नावाच्या शेवटच्या शब्दावर येऊन पडते.

मराठी माणसाला याचे नवल वाटते. आपल्याकडे सुनील म्हटले की मुलगा आणि सुनीता म्हटले की मुलगी. ‘किरण’सारखी दोन्हीकडे चालणारी नावे मोजकीच. शीख समाजात मात्र गुरप्रीत, मनजीत, हरजिंदर, कुलदीप, परमजीत ही नावे मुलाचीही असतात आणि मुलीचीही. पुढे ‘सिंग’ आला की तो, ‘कौर’ आला की ती. ‘सिंग’चा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे: सिंह. ‘कौर’चा अर्थ विचारला तर बहुतेक जण ‘राजकन्या’ असे सांगतात. काही जण ‘सिंहीण’ असेही सांगतात. दुसऱ्या उत्तराला भाषेचा काहीच आधार नाही. ‘सिंग’ला जोड म्हणून ते कोणीतरी जुळवले असावे. पहिले उत्तर पुष्कळसे बरोबर आहे, पण पुरते नाही. ते कुठे अपुरे पडते हे पाहू लागलो की शब्दांचा इतिहास मागे राहतो आणि बाईचे नाव नक्की कोणाचे असते, हा प्रश्न समोर येतो.

नाव ठेवण्याची रीत

शीख घरात मूल जन्मले की कुटुंबीय गुरुद्वाऱ्यात जातात. गुरू ग्रंथसाहिब उघडला जातो आणि समोर आलेल्या पानावरचे पद वाचले जाते. त्याला ‘हुकम’ म्हणतात. त्या पदाचे पहिले अक्षर घेऊन घरचे लोक नाव सुचवतात आणि संगतीच्या संमतीने ते पक्के होते. आपल्याकडे जन्मनक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढतात, तिथे ग्रंथाच्या पानावरून. ग्रंथ मुलगा की मुलगी हे पाहून अक्षर देत नाही, त्यामुळे नावही तसे वेगळे करण्याची गरज पडली नाही.

ही नावे बहुतेक जोडून केलेली असतात. गुर, हर, मन, जस, सुख, कुल असे शब्द पुढे आणि प्रीत, जीत, दीप, वंत, इंदर, पाल असे मागे. ‘गुरप्रीत’ म्हणजे गुरूवर प्रेम असणारा किंवा असणारी. गुरूवरचे प्रेम पुरुषाचे वेगळे आणि बाईचे वेगळे असत नाही, म्हणून शब्दालाही लिंग लागत नाही. ‘दलीप’ हे आपल्याला पक्के पुरुषी वाटणारे नाव. पंजाबीतल्या एक थोर कादंबरीकार मात्र दलीप कौर टिवाणा. ‘अजीत’चेही तसेच, आत्मचरित्रासाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या लेखिका आहेत अजीत कौर. अशा नावांत ‘कौर’ हा एकच शब्द बाईची ओळख सांगतो. गंमत अशी, की त्या शब्दाचे स्वतःचे लिंगही तितकेसे स्पष्ट नाही.

कुमार, कुंवर, कौर

‘कौर’चे मूळ संस्कृत ‘कुमार’ या शब्दकुळात आहे. संस्कृतातून प्राकृत-अपभ्रंशांकडे येताना दोन स्वरांमधला ‘म’ सैल होऊन त्याचा ‘व’ झाला. हा बदल मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात आहे. ग्राम–गाव, कोमल–कोवळा, श्यामल–सावळा, आमलक–आवळा. आणि खुद्द नाम–नाव. त्याच वाटेने ‘कुमार’चा ‘कुंवर’ झाला. पंजाबीत हा ‘व’ आणखी विरघळला आणि मागच्या स्वरात मिसळून ‘औ’ झाला. भ्रमराचा भंवर आणि मग ‘भौर’, चामराचा चंवर आणि मग ‘चौर’. गुरू ग्रंथसाहिबावर ढाळतात ती चवरी पंजाबीत ‘चौर’च आहे. भौर, चौर यांच्याच ओळीत ‘कौर’ बसतो.

आता प्रश्न असा, की हा ‘कुमार’ की ‘कुमारी’? ‘कुमारी’चे सरळ रूप कुंवरी, कुआरी असे होते आणि ते आपल्याकडे ‘कुवारीण’मध्ये, पंजाबी-हिंदीत ‘कुआरी’, ‘कुंवारी’मध्ये टिकून आहे. त्याचा अर्थ अविवाहित मुलगी. ‘कौर’मध्ये शेवटची ‘ई’ नाही, म्हणून तो मूळचा ‘कुमार’, म्हणजे राजपुत्रच, असे काही अभ्यासक म्हणतात. यावर आक्षेपही घेता येतो. नारीची ‘नार’ होते, रात्रीची ‘रात’ होते; मग कुमारीचीही ‘ई’ गळून ‘कौर’ का होऊ नये? केवळ ध्वनिनियमांवर याचा निकाल लागत नाही. तो वापरावरून लावावा लागतो.

वापर पाहिला तर ‘कुंवर’ हा उत्तर हिंदुस्थानात आधी राजाच्या मुलाचा किताब. राजपूत घराण्यांत बाप हयात असेपर्यंत मुलगा ‘कुंवर’ आणि आजोबा हयात असेपर्यंत नातू ‘भंवर’. तोच शब्द त्याच रूपात बायकांच्या नावामागेही लागे आणि राजस्थानात आजही ‘कंवर’ म्हणून लागतो. आपल्या इतिहासातही त्याचे उदाहरण आहे. छत्रपती शिवाजीमहाराजांची एक कन्या, गणोजी शिर्क्यांची पत्नी, हिचे नाव राजकुंवरबाई. इथेही ‘कुंवर’ला ‘ई’ लागलेली नाही. मराठीने पुढे ‘बाई’ जोडून काम भागवले.

लाहोर दरबारात तर दोन्ही वापर एकाच घरात दिसतात. महाराजा रणजितसिंगांचा नातू कंवर नौनिहालसिंग आणि त्याची आई चंद कौर. मुलाच्या नावापुढे ‘कंवर’ हा किताब, आईच्या नावामागे ‘कौर’ हा नावाचाच भाग. शब्द मुळात एक. म्हणून ‘कौर’ला ‘राजकन्या’ या एका अर्थात बांधता येत नाही. राजाचे अपत्य, गादीचा वारस, असा त्याचा खरा आवाका आहे. आपणही लाडक्या लेकीला ‘राजा’ म्हणून हाक मारतो. तेव्हा तिला पुरुष ठरवत नाही, मान देतो. ‘कौर’मध्ये तसा मान आहे.

आनंदपूर आणि त्यानंतर

सर्वसाधारण समज असा, की १६९९ च्या बैसाखीला आनंदपूर साहिब येथे गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथाची स्थापना केली तेव्हा पुरुषांना ‘सिंग’ आणि स्त्रियांना ‘कौर’ हे नाव दिले. यातला पहिला भाग नीट नोंदलेला आहे. दयाराम, धरमदास, हिम्मतराय, मोहकमचंद आणि साहिबचंद हे पाच जण पुढे आले. त्यांतले साहिबचंद आपल्या शेजारच्या बिदरचे, असे परंपरा सांगते. अमृत घेतल्यावर राम, दास, राय, चंद गळाले आणि पाचही जण ‘सिंग’ झाले. नावाचा जो तुकडा जात सांगत होता तोच बदलला गेला. ‘सिंग’ हे तोवर प्रामुख्याने राजपूत मिरवत. ते न्हाव्याला, शिंप्याला, जाटाला देणे हा सामाजिक स्फोट होता.

दुसऱ्या भागाचे तसे नाही. डब्ल्यू. एच. मॅक्लाउड आणि त्यांच्यानंतर डोरिस जेकब्श या अभ्यासकांनी या मुद्द्याकडे लक्ष वेधले. आरंभीच्या साहित्यात ‘सिंग’वर जेवढा भर आहे तेवढा ‘कौर’वर दिसत नाही. जेकब्श यांचे शीख इतिहासातील स्त्रीविषयीचे पुस्तक २००३ साली ऑक्सफर्डने काढले. ‘कौर’ हे सर्व शीख स्त्रियांचे नाव म्हणून रुजले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या सुधारणा चळवळीत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अनेक श्रद्धावान शिखांना ते मान्य नाही. खालशाच्या अमृतात स्त्री-पुरुष भेद नव्हता, मग नावात तरी तो कसा असेल, असा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो रास्तही आहे.

प्रत्यक्ष नावे पाहिली तर दोन्ही बाजूंना थोडेथोडे मिळते. ‘कौर’ १६९९ च्या आधीही होता. सातवे गुरू हरराय यांच्या मानसकन्येचे नाव परंपरेत बीबी रूप कौर असेच येते. उलट गुरू गोविंदसिंगांच्या घरातली नावे जीतो, सुंदरी आणि साहिब देवां अशी आहेत. यांपैकी साहिब देवां यांना पंथाने खालशाच्या आईचा मान दिला. आजही अमृत घेणाऱ्याला सांगतात, तुझे वडील गुरू गोविंदसिंग आणि आई माता साहिब कौर. त्या गुरूंबरोबर नांदेडपर्यंत आल्या होत्या. नांदेडजवळ मुगटला त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. ‘देवां’ची ‘कौर’ झाली ती पंथाच्या आठवणीत.

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आवारात माई भागोंचे स्थान आहे. १७०५ मध्ये मुक्तसरच्या लढाईत गुरूंना सोडून गेलेल्या चाळीस जणांना लाज देऊन परत आणणारी आणि स्वतः शस्त्र घेऊन लढलेली ही बाई. पुढे तीही गुरूंबरोबर दक्षिणेत आली. पोथीत तिचे नाव माता भाग कौर, लोकांच्या तोंडी माई भागो. पतियाळा राज्याचे संस्थापक आलासिंग यांच्या पत्नी फतेह कौर. लोक म्हणत माई फत्तो. रणजितसिंगांची धाकटी राणी जिंद कौर. सारा पंजाब तिला ओळखे ते राणी जिंदां म्हणून. भागो, फत्तो, जिंदां ही घरची, गल्लीतली नावे. ‘कौर’ हे लिहिण्याचे, दरबाराचे नाव. आपल्याकडे सखू, ठकी आणि सखुबाई, ठकुबाई यांत जो फरक, तसाच काहीसा. ज्यांच्या घरी लिहिण्याजोगे काही होते, त्यांच्याच नावाला ही शेवटची जोड मिळाली. शेतात राबणारी भागो आयुष्यभर भागोच राहिली असणार.

राण्यांचे शतक

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मात्र ‘कौर’ नावाच्या बायकांची रांगच लागते. रणजितसिंगांच्या सासूबाई सदा कौर यांनी कन्हैया मिसलीचे सैन्य हाताशी ठेवून जावयाला लाहोर मिळवून दिले. पतियाळाची साहिब कौर भावाच्या राज्याचा कारभार पाहत होती. १७९४ च्या सुमारास अंबाल्याजवळ तिने ज्या फौजेला तोंड दिले ती मराठ्यांची होती, हे आपण क्वचितच वाचतो. लक्ष्मणराव आणि अंताराव या सरदारांच्या चढाईपुढे तिचे लोक कच खाऊ लागले, तेव्हा ती रथातून उतरली, हातात तलवार घेऊन उभी राहिली आणि मराठ्यांना माघार घ्यावी लागली, असे पंजाबचे इतिहासकार लिहितात.

जिंद कौरची गोष्ट तर आपल्या गोदावरीपर्यंत येते. रणजितसिंगांच्या मागे अज्ञान दुलीपसिंगाच्या नावाने तिने कारभार केला. इंग्रजांनी तिला मुलापासून तोडले, कैदेत ठेवले. ती वेष पालटून नेपाळला निसटली आणि अखेर १८६३ साली लंडनमध्ये वारली. लाहोरला दहन व्हावे ही तिची इच्छा सरकारने मानली नाही. १८६४ साली दुलीपसिंग तिचे पार्थिव मुंबई इलाख्यात घेऊन आला आणि नाशिकला, पंचवटीच्या बाजूला गोदाकाठी, तिची समाधी उभी राहिली. १९२४ साली तिच्या नातीने अवशेष लाहोरला नेऊन रणजितसिंगांच्या समाधीपाशी ठेवले. या नातीचे पूर्ण नाव बंबा सोफिया जिंदां दुलीपसिंग. आजीचे घरगुती नाव तिला मिळाले, बापाचे नाव आडनाव म्हणून लागले, आणि ‘कौर’ तेवढा गळला. इंग्रजी पद्धतीच्या नावात त्याला जागाच नव्हती.

या साऱ्या राण्याच होत्या. त्यांच्या नावातला ‘कौर’ खरोखर राजघराण्याचा होता. प्रत्येकीलाच राजाचे अपत्य मानायचे, हा खालशाचा अर्थ अजून सर्वांपर्यंत पोचायचा होता.

शाळा, कादंबरी, मर्यादा

तो पोचवला सिंग सभा चळवळीने. १८७३ साली अमृतसरला आणि १८७९ साली लाहोरला सिंग सभा स्थापन झाल्या. शिखांची वेगळी ओळख घडवणे हा त्यांचा हेतू. ओळखीचा प्रश्न आला की बायकांच्या नावाचा प्रश्न येतोच. कारण देवी, बाई, बीबी अशी नावे सगळ्याच धर्मांच्या घरांत होती. १८९२ साली फिरोजपूरला भाई तख्तसिंग यांनी मुलींची शाळा सुरू केली. पंजाबातल्या शीख स्त्रीशिक्षणाचा तो पाया. शाळेच्या पटावर मुलीचे नाव पूर्ण लिहावे लागते. ज्या घरांत मुलगी भागो किंवा जिंदां एवढ्यावर भागत होते, तिथे आता शेवटच्या शब्दाची गरज पडली.

याच काळात भाई वीरसिंग यांच्या कादंबऱ्या आल्या. १८९८ सालच्या ‘सुंदरी’ची नायिका जन्माने हिंदू, सुरस्ती, अमृत घेऊन ती सुंदर कौर होते आणि जंगलात लढणाऱ्या शिखांबरोबर राहते. १९०० सालच्या कादंबरीचे तर नावच ‘सतवंत कौर’. त्या वाचून मोठ्या झालेल्या पिढीने आपल्या मुलींना कोणती नावे दिली असतील, हे वेगळे सांगायला नको. पुढे शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ साली मान्य केलेल्या रहित मर्यादेत नियम लेखी आला: मुलाच्या नावापुढे ‘सिंग’, मुलीच्या नावापुढे ‘कौर’. राजवाड्यातला शब्द आता शेतमजुराच्या लेकीचा हक्क झाला. याला दोनशेहून अधिक वर्षे लागली, म्हणून १६९९ चे मोल कमी होत नाही. त्या दिवशी उच्चारलेल्या समतेचा अर्थ नंतरच्या पिढ्यांना हळूहळू लावावा लागला, एवढेच.

कोणाचे नाव?

‘कौर’चे खरे वेगळेपण मला त्याच्या अर्थापेक्षा त्याच्या जागेत दिसते. जिथे आपल्याकडे बापाचे किंवा नवऱ्याचे नाव येते, तिथे हा शब्द बसतो आणि तो कोणाही पुरुषाचा नसतो. बापाचा ‘सिंग’ मुलीला लागत नाही, नवऱ्याचा ‘सिंग’ बायकोला लागत नाही. तत्त्वतः शीख मुलगी जन्मापासून मरेपर्यंत त्याच नावाने राहू शकते.

व्यवहार मात्र तत्त्वाच्या मागून चालतो. ‘कौर’नंतर पुन्हा गोताचे नाव येते, आणि लग्नानंतर ते पुष्कळदा सासरचे होते. पंजाबी साहित्यातले सर्वांत मोठे स्त्रीनाव घ्या. १९१९ साली गुजरांवाल्यात जन्मलेली अमृत कौर लग्नानंतर नवऱ्याचे, प्रीतमसिंगांचे, नाव घेऊन अमृता प्रीतम झाली. पुढे ती त्या संसारातून बाहेर पडली, पण नाव तेच राहिले. तोवर ते तिच्या कवितेचे झाले होते. तिच्याच नावाची दुसरी अमृत कौर, स्वतंत्र भारताची पहिली आरोग्यमंत्री, कपूरथळा घराण्यातली. तिचे वडील ख्रिस्ती झाले होते, तरी ‘कौर’ राहिला. आपण तिला ‘राजकुमारी अमृत कौर’ म्हणतो, तेव्हा एकाच बाईला पुढून आणि मागून असे दोनदा ‘कुमार’कुळातले करतो.

परदेशांतल्या कचेऱ्यांना हे नाव आणखी अवघड गेले. दिल्लीतील कॅनडाच्या उच्चायुक्तालयाने काही वर्षे ‘सिंग’ आणि ‘कौर’ ही आडनावे म्हणून चालणार नाहीत, कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करणाऱ्यांनी वेगळे आडनाव घ्यावे, असा नियम चालवला. ही नावे फार जणांची आहेत, ही त्यांची अडचण. शीख संघटनांनी आवाज उठवल्यावर २००७ साली तो मागे घेतला गेला. जात पुसण्यासाठी घेतलेले नाव टाकून पुन्हा गोताचे नाव लावा, असाच त्या नियमाचा अर्थ होत होता. सगळ्यांचे एकच नाव असावे हा तर १६९९ चा हेतू. तीच त्या नियमाला उणीव वाटली.

आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचे नवे नाव लिहितो. पूर्वी पहिले नावही बदले. आता बहुधा मधले आणि शेवटचे बदलते. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या आधी लावण्याचा निर्णय घेतला, तेव्हा घराघरांत त्यावर चर्चा झाली. त्या चर्चेतही प्रश्न एवढाच होता, की मुलाच्या नावात आणखी कोणाचे नाव यावे. कोणाचेच येऊ नये, मुलीच्या नावात तिचे स्वतःचेच दोन शब्द असावेत, असे उत्तर पंजाबातल्या एका पंथाने फार पूर्वी सुचवून ठेवले आहे. ते तिथेही पुरते पाळले जात नाही. पण शब्द तयार आहे, त्याला जागा तयार आहे.

त्या रात्री नवी मुंबईत झेल घेऊन धावत सुटलेल्या कर्णधाराच्या नावात ना वडिलांचे नाव होते, ना गोताचे. ‘हरमनप्रीत’ हे तिच्या हॉकी खेळणाऱ्या नामबंधूचेही नाव आहे. ‘कौर’ मात्र तिचा. आणि एके काळी राजाच्या मुलाला मिळत असलेला.